भाताच्या बांधातील नाकतोड्याची अंडी: सुप्तावस्था, डीएनए मिथाइलेशन आणि जनुकांची अभिव्यक्ती यांचा अभ्यास कसा करावा

कोकणात भाताची कापणी आटोपली की खाचरांतला नाकतोडा दिसेनासा होतो, आणि मृगाचा पाऊस पडून तरवा वर आला की बांधालगतच्या गवतावर त्याची बारीक हिरवी पिल्ले पुन्हा दिसू लागतात. मधले सगळे कोरडे महिने ही कीड बांधाच्या मातीत अंड्यांच्या रूपात असते. भातावरचा मुख्य नाकतोडा म्हणजे हायरोग्लायफस बेनियन. त्याची वर्षाला एकच पिढी होते. मादी पावसाळ्याच्या अखेरीस पोटाचे टोक मातीत खुपसून फेसाच्या आवरणात अंडी घालते आणि एका पुंजात साधारण ३० ते ४० अंडी असतात. कापणीनंतर बांध छाटून घ्यावेत, शेत नांगरावे, म्हणजे अंडीपुंज उघडे पडून उन्हाने व पक्ष्यांकडून नष्ट होतात, ही कृषी खात्याची जुनी शिफारस याच जीवनक्रमावर आधारलेली आहे.

त्या अंड्यातला भ्रूण वाढ थांबवून महिनोन्‌महिने कसा टिकतो, आणि त्या काळात त्याच्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा व जनुकांची अभिव्यक्ती यांत काय घडते, हा प्रश्न रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागालाही हाताळता येण्याजोगा आहे. पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक यांच्यासाठी हा लेख आहे. यंत्रे व रसायने याविषयी पुढे येईलच, पण या अभ्यासाचे यश मुख्यतः अंड्यांची निवड आणि नियंत्रण नमुने यांवर ठरते. म्हणून तिथे अधिक जागा दिली आहे.

आधी एवढे माहीत हवे

मिथाइलेशनविषयी आपल्या पाठ्यपुस्तकांत जे असते ते बहुतेक सस्तन प्राण्यांवरून घेतलेले असते: प्रवर्तकावर मिथाइल गट बसला की जनुक बंद होते. कीटकांना हे जसेच्या तसे लावू नये. कीटकांत मिथाइलेशन मुख्यतः जनुकांच्या अंगात, म्हणजे एक्झॉनमधल्या सीपीजी (सायटोसीनला लागून ग्वानीन असलेल्या) जागांवर आढळते, आणि अशी मिथाइलित जनुके बहुधा सर्व ऊतींत सातत्याने चालू असणारी, पेशीच्या रोजच्या कामाची जनुके असतात. प्रमाणही फार कमी असते. मधमाशीत एकूण सायटोसीनपैकी एक टक्क्याहूनही कमी सायटोसीन मिथाइलित असतात. रेशीमकिड्याच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नकाशात हे प्रमाण सुमारे ०.११ टक्के आहे. टोळांच्या गटात ते यापेक्षा बरेच अधिक असते, आणि नाकतोडा निवडण्याचे हेही एक चांगले कारण आहे.

खुणा बसवणारी विकरेही सर्व कीटकांत सारखी नसतात. डीएनएमटी-१ आणि डीएनएमटी-३ ही दोन्ही मधमाशीत आहेत. रेशीमकिड्यात डीएनएमटी-३ नाही. फळमाशीत, म्हणजे ड्रोसोफिलात, यांपैकी एकही नाही, आणि तिच्यात उरलेले डीएनएमटी-२ प्रामुख्याने टीआरएनएवर काम करते. म्हणून फळमाशीवरच्या निष्कर्षांचा आधार घेऊन या प्रश्नावर काही लिहिणे योग्य नाही. सस्तन प्राण्यांच्या भ्रूणात सुरुवातीला खुणा मोठ्या प्रमाणावर पुसल्या जाऊन नव्याने बसतात. मधमाशीत तसे पुसणे आढळलेले नाही.

आणखी एक गोष्ट गृहीतक मांडण्यापूर्वी लक्षात घ्यावी. पेशीविभाजन होत असताना नव्या धाग्यावर खूण बसली नाही, तर ती पेशींच्या पिढीगणिक आपोआप विरळ होत जाते. सुप्तावस्थेत पेशी जवळजवळ विभागत नाहीत, त्यामुळे हा मार्ग बंद असतो. खुणा बदललेल्या दिसल्याच, तर कुठले तरी विकर ते काम करते आहे, किंवा आपल्या नमुन्यातले पेशींचे मिश्रण बदलले आहे, अशा दोनच शक्यता उरतात. म्हणूनच अभिव्यक्तीत मोठा फरक आणि मिथाइलेशनमध्ये अगदी थोडा किंवा शून्य फरक, हा निकाल अपयश समजू नये. तो पूर्ण अर्थाचा निकाल आहे आणि तसाच मांडावा.

अंडी कशी मिळवावीत

बांध खणून पुंज गोळा करणे सोपे वाटते, पण त्यात दोन अडचणी आहेत. एकाच मेरेवर निरनिराळ्या जातींचे नाकतोडे अंडी घालतात, आणि मातीतून काढलेला पुंज किती दिवसांचा आहे हे कळत नाही. त्यापेक्षा गरवे भात पोटरीत असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, प्रौढ नर-माद्या जाळीने पकडून पिंजऱ्यात ठेवाव्यात. पिंजऱ्याच्या तळाशी चार इंच ओलसर, चाळलेली माती भरलेले डबे बसवावेत, रोज ताजी भाताची पाने किंवा गवत घालावे, आणि डबे दररोज बदलून प्रत्येकावर तारीख व मादीचा क्रमांक लिहावा. मातीसाठी त्याच बांधाची माती वापरावी, पण ती आधी भाजून घ्यावी, म्हणजे बुरशी आणि अंड्यांवर वाढणारे परजीवी येत नाहीत. मादी मेल्यावर ती शुद्ध अल्कोहोलमध्ये जपून ठेवावी. पुढे जातीविषयी शंका आली, तर तिच्या सीओआय या जात ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाच्या क्रमावरून खात्री करता येते.

शेतकऱ्याची परवानगी घेताना त्या बांधावर कीटकनाशक मारले होते का, आणि जवळच्या राबाची भाजावळ कधी केली जाते, हेही विचारून घ्यावे. तापमान नोंदवणारे छोटे यंत्र बांधात दोन-तीन इंच खोल पुरून ठेवले, की प्रयोगशाळेतले तापमान प्रत्यक्ष जमिनीशी ताडून पाहता येते. जांभ्या जमिनीचा उघडा बांध आणि झाडाच्या सावलीतला बांध यांत उन्हाळ्यात फार फरक पडतो.

खरी सुप्तावस्था की नुसती पाण्याची वाट

ही पायरी कधीही गाळू नये. अंडे दोन कारणांनी थांबलेले असू शकते. एक, भ्रूणाने आतूनच वाढ रोखलेली असते आणि ऊब, ओल सगळे मिळाले तरी ती सुरू होत नाही, ही सुप्तावस्था. दोन, भ्रूण वाढायला तयार असतो पण माती कोरडी असते; ही तात्पुरती निष्क्रियता. बाहेरून दोन्ही अंडी सारखीच दिसतात. एकाच हंगामात आधी पहिली आणि मग दुसरी अवस्था येणेही शक्य असते, आणि आपल्या गावच्या अंड्यांत ही सरहद्द नेमकी कधी ओलांडली जाते हे आपणच ठरवायचे आहे.

त्यासाठी नोव्हेंबरपासून मेपर्यंत ठरावीक अंतराने प्रत्येक पुंजातली काही अंडी काढावीत, ओल्या गाळणीच्या कागदावर झाकणाच्या काचथाळीत २८ ते ३० अंश सेल्सिअसला ठेवावीत, आणि दोन आठवडे पाहावे. टोळांच्या अंड्याच्या मागल्या टोकाशी पाणी शोषणारी एक खास जागा असते. तयार अंडे तिथून पाणी घेऊन फुगते, ताणले जाते, आणि आतला भ्रूण पुढे सरकतो. जी अंडी ओल मिळूनही वाढत नाहीत, पण जिवंत असतात, ती सुप्तावस्थेत आहेत असे मानावे. ज्या तारखेनंतर बहुसंख्य अंडी ओल मिळताच वाढू लागतात, ती आपली सरहद्द.

भ्रूणाचा टप्पा पाहणे

या विषयावरील कामात सर्वांत महागात पडणारा दोष इथेच होतो. सुप्त अंडी आणि न-सुप्त अंडी यांची तुलना केली जाते, पण न-सुप्त अंड्यांतला भ्रूण तोवर पाय, डोळे, आतडे घडवून पुढे गेलेला असतो. मग मिळालेला फरक सुप्तावस्थेचा नसून निव्वळ वयाचा आणि पेशीप्रकारांचा असतो, आणि कितीही महागडे सिक्वेन्सिंग केले तरी तो दोष निघत नाही.

टप्पा पाहण्यासाठी पुंजातली दोन-तीन भावंड-अंडी राखून ठेवावीत. ती सोडियम हायपोक्लोराइटच्या ब्लीचमध्ये, निम्मे पाणी घालून, काही मिनिटे ठेवली की बाहेरचे तपकिरी कवच विरघळते. पाण्याने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली, खालून प्रकाश देऊन पाहिले, की पिवळसर पीतकात फिकट भ्रूण स्पष्ट दिसतो. त्याचे डोके अंड्याच्या कुठल्या टोकाकडे आहे, डोळ्यांत रंग उतरला आहे का, मागच्या पायांवर घड्या दिसतात का, हे नोंदवावे. टोळांच्या अनेक जातींत सुप्तावस्था भ्रूण उलटण्याच्या अगोदर येते, तेव्हा डोके अजून अंड्याच्या मागल्या टोकाकडे असते. अशा जातींत भ्रूण उलटून डोके पुढे आले, की सुप्तावस्था मागे पडली असे समजावे. ब्लीच डीएनए आणि आरएनए दोन्ही नष्ट करते, म्हणून ब्लीच लावलेले अंडे पुढे रेणवीय कामासाठी वापरू नये.

यावरून तुलनेचे तीन गट ठरतात. पहिला, सुप्तावस्थेतला, ओल दिली तरी न वाढणारा. दुसरा, सुप्तावस्था संपलेला पण कोरड्यात थांबलेला. तिसरा, सुप्तावस्था संपल्यावर ओल देऊन एक-दोन दिवसच झालेला, भ्रूण उलटण्यापूर्वीचा. तिन्हींतला भ्रूण दिसायला सारखाच असला पाहिजे. तसा नसलेला पुंज बाजूला काढावा. शक्य असेल तिथे एकाच पुंजाची अंडी तीन भागांत वाटून तिन्ही गटांत घालावीत. यामुळे आईकडून आलेला जनुकीय फरक गटांच्या फरकात मिसळत नाही. इथे स्वतंत्र नमुना म्हणजे पुंज, अंडे नव्हे. एकाच पुंजातली दहा अंडी ही दहा पुनरावृत्ती ठरत नाहीत. प्रत्येक गटात निदान पाच-सहा माद्यांचे पुंज असावेत.

साठवण आणि डीएनए-आरएनए काढणे

एकाच नमुन्यातून डीएनए आणि आरएनए दोन्ही काढावेत, म्हणजे मिथाइलेशन आणि अभिव्यक्ती यांची तुलना त्याच पेशींवर होते. त्यासाठी फिनॉल-ग्वानिडिनची पद्धत किंवा दोन्ही देणारा स्तंभ-संच चालतो. अंडे थंड बफरमध्ये फोडून पीतकातून भ्रूण वेगळा करावा आणि एका नमुन्यासाठी १० ते १५ भ्रूण एकत्र करावेत. अख्खे अंडे दळले, तर पीतकातल्या पेशी आणि सेरोसा हे आवरण यांचेही डीएनए त्यात येते व त्यांचे प्रमाण गटागणिक बदलू शकते.

भ्रूण लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणे उत्तम. तालुक्याच्या ठिकाणी कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय यंत्रणेकडे द्रव नायट्रोजनचे कॅन असतात, तिथे विनंती करून पाहावी. ते न जमल्यास आरएनए टिकवणारे द्रावण वापरावे, पण ते अंड्याच्या कवचातून आत जात नाही, म्हणून अंडे आधी सुईने टोचावे. पावसाळ्यात वीज जाण्याची सवय धरून उणे ८० अंशांच्या फ्रीझरवर एकट्यावर भिस्त ठेवू नये. निम्मे नमुने दुसऱ्या ठिकाणी ठेवावेत.

आरएनएचा दर्जा पाहताना एक बाब विद्यार्थ्यांना हमखास घाबरवते. बऱ्याच कीटकांच्या २८एस राइबोसोमल आरएनएमध्ये एक छुपा तुटीचा बिंदू असतो. तापवले की तो रेणू दोन तुकड्यांत सुटतो आणि ते १८एसच्या जवळच दिसतात. यंत्र मग दर्जाचा आकडा फार खाली दाखवते. नमुना टाकून देण्याआधी न तापवता पुन्हा पाहावे. पट्टी ठळक आणि खालचा धुरकटपणा नसेल तर आरएनए चांगला आहे.

पैसे खर्च करण्यापूर्वी संगणकावर

मिथाइलित सायटोसीन कालांतराने थायमीनमध्ये बदलण्याचा कल असतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मिथाइलित राहिलेल्या जनुकांत सीपीजी जोड्या कमी उरतात. जनुकाच्या क्रमावरूनच हे मोजता येते: सीपीजींची संख्या गुणिले क्रमाची लांबी, भागिले सीची संख्या गुणिले जीची संख्या. समजा १,२०० बेसच्या जनुकात २६० सी, २४० जी आणि २६ सीपीजी आहेत. अपेक्षित सीपीजी ५२ येतात, म्हणजे गुणोत्तर ०.५, हे जनुक जंतुपेशींत मिथाइलित राहत आले असण्याची शक्यता चांगली आहे. एकच्या आसपासचे गुणोत्तर म्हणजे बहुधा अमिथाइलित जनुक. उपलब्ध ट्रान्स्क्रिप्टोममधल्या, म्हणजे वाचलेल्या आरएनए क्रमांच्या संचातल्या, सगळ्या जनुकांसाठी हे काढले, तर पुढच्या प्रयोगासाठी दोन्ही प्रकारची जनुके निवडता येतात, आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही.

मिथाइलेशन मोजणे

संपूर्ण जीनोमचे बायसल्फाइट सिक्वेन्सिंग ही या कामातली प्रमाण पद्धत आहे, पण टोळांच्या गटात जीनोम प्रचंड असतात. प्रवासी टोळाचा जीनोम सुमारे ६.५ अब्ज बेसचा, माणसाच्या दुपटीहून मोठा आहे. प्रत्येक जागेवर दहा वाचने मिळवायची म्हटली, तरी अनेक नमुन्यांचा खर्च महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून निवडक जनुकांवर काम करणे हा कमीपणा नाही.

सर्वांत स्वस्त मार्ग दोन प्रतिबंधक विकरांचा. एचपीए-२ आणि एमएसपी-१ ही दोन्ही सीसीजीजी हाच क्रम कापतात, पण आतला सी मिथाइलित असला की एचपीए-२ कापत नाही, एमएसपी-१ मात्र कापते. त्याच डीएनएचे तीन भाग करावेत: न कापलेला, एचपीए-२ ने कापलेला, एमएसपी-१ ने कापलेला. मग ज्या एक्झॉनमध्ये एक सीसीजीजी आहे तो क्यूपीसीआरने (डीएनएचे प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरने) मोजावा. एमएसपी-१ च्या नळीत उत्पादन जवळजवळ येता कामा नये. आले तर कापणी अपुरी आहे. एचपीए-२ च्या नळीत संकेत न कापलेल्यापेक्षा एक चक्र उशिरा आला, तर त्या जागी साधारण निम्मे रेणू मिथाइलित आहेत.

दुसरा मार्ग निवडक जनुकांचे बायसल्फाइट. बायसल्फाइटने साधे सायटोसीन युरेसील होते व थायमीन म्हणून वाचले जाते, मिथाइलित सायटोसीन तसेच राहते. प्रायमर एक्झॉनच्या आतच बसवावेत, कारण टोळांचे इंट्रॉन हजारो बेसचे असतात आणि ट्रान्स्क्रिप्टवरून काढलेले प्रायमर इंट्रॉनच्या दोन बाजूंना पडले तर काहीच हाती लागत नाही. प्रायमरमध्ये सीपीजी नसावा, उत्पादन १५० ते ३०० बेसचे असावे, आणि पॉलिमरेज युरेसीलपाशी न अडणारे असावे; चुका तपासणारी बरीच विकरे तिथेच थांबतात.

आता नियंत्रणाचा मुद्दा, ज्यावर कीटकांतले सगळे मोजमाप उभे असते. समजा खरे मिथाइलेशन १ टक्का आहे आणि बायसल्फाइटचे रूपांतर ९९.५ टक्के झाले. उरलेले अर्धा टक्का साधे सायटोसीन मिथाइलित म्हणून मोजले जाईल आणि आपल्याला सुमारे १.५ टक्के दिसेल. म्हणजे एक तृतीयांश संकेत खोटा. माणसाच्या डीएनएत हीच चूक नगण्य असते. म्हणून प्रत्येक नमुन्यात अमिथाइलित लॅम्डा फाजचा (जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूचा) डीएनए थोडा मिसळावा आणि त्या त्या नमुन्याचा चुकीचा दर त्यावरून काढावा. हा लॅम्डा डीएनए मिथाइल विकरे नसलेल्या जिवाणूत वाढवलेलाच हवा. नेहमीच्या जिवाणूतल्या लॅम्डावर जिवाणूच्या स्वतःच्या खुणा असतात. मग प्रत्येक सीपीजी जागा त्या दराशी द्विपद चाचणीने ताडून पाहावी. कीटकांत मिथाइलेशन मोजक्या जागांवर एकवटलेले असते, त्यामुळे सरासरीत हरवणारा संकेत जागेनिहाय पाहिल्यावर स्पष्ट उभा राहतो. कुठल्या जागी मुळातच सीऐवजी टी असलेली जनुकीय आवृत्ती असेल, तर तीही अमिथाइलित भासते. न-रूपांतरित डीएनए वाचून अशा जागा वगळाव्यात.

एकूण मिथाइलेशन रंगावरून दाखवणारे प्रतिपिंड-संच बाजारात मिळतात. कीटकांच्या अंड्यांसाठी ते घेऊ नयेत. संकेत बऱ्याचदा त्यांच्या मर्यादेच्या आसपास किंवा खाली असतो आणि अंड्यावरच्या जिवाणूंचे मिथाइलित डीएनए त्यात मिसळते.

अभिव्यक्ती, आणि दोन्हींचा संबंध

क्यूपीसीआरसाठी संदर्भ-जनुक म्हणून सवयीने ॲक्टिन घेतले जाते. सुप्तावस्थेत पेशीचा सगळाच कारभार मंदावतो, त्यामुळे तीन-चार जनुके घेऊन आपल्या तिन्ही गटांत कोणती स्थिर आहेत ते तपासावे आणि त्यांतली किमान दोन वापरावीत. सुप्तावस्थेची खूणगाठ म्हणून पेशीविभाजनाशी निगडित पीसीएनए, उष्णता-प्रथिन एचएसपी-७० आणि ग्लुकोज घडवण्याच्या मार्गातले पेपसीके ही जनुके उपयोगी पडतात. त्यांच्या जोडीला डीएनएमटी-१ आणि मिथाइल खुणा काढण्याच्या मार्गातले टेट हेही मोजावे.

यानंतर जागेनिहाय मिथाइलेशन आणि अभिव्यक्ती पुंजागणिक जोडून पाहावी. जनुकाजनुकांत तुलना केली, तर मिथाइलित जनुके अधिक चालू दिसतील. तो संबंध जुना आणि माहीत असलेला आहे. त्यावरून सुप्तावस्थेविषयी काही सिद्ध होत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे: त्याच जनुकात, त्याच पुंजात, अवस्था बदलल्यावर खूण आणि अभिव्यक्ती एकत्र बदलतात का.

कार्यकारण तपासायचे तर डीएनएमटी-१ विरुद्धचा, म्हणजे ते जनुक दाबणारा, दुहेरी आरएनए ऑक्टोबरात अंडी घालण्यापूर्वी मादीला टोचता येतो. टोळांत ही पद्धत चांगली लागू पडते. नियंत्रण गटाला जीएफपीचा (कीटकात नसलेल्या, चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा) दुहेरी आरएनए तेवढ्याच मात्रेत द्यावा. मात्र भ्रूण मेले म्हणून ते मिथाइलेशन गेल्यामुळेच मेले असा अर्थ काढू नये. ट्रिबोलियम या पिठातल्या भुंगेऱ्याच्या डीएनएवर मिथाइलेशन जवळजवळ आढळत नाही, तरीही डीएनएमटी-१ शिवाय त्याचे भ्रूण वाढत नाहीत. दुधी वनस्पतींवरच्या ऑन्कोपेल्टस ढेकणात डीएनएमटी-१ दाबल्यावर खुणा गेल्या, अंडनिर्मिती बिघडली, पण जनुकांची अभिव्यक्ती फारशी हलली नाही. म्हणून टोचलेल्या मादीच्या पुंजांत तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात: लॅम्डाच्या दराने दुरुस्त केलेले मिथाइलेशन, पीसीएनएची पातळी, आणि ओल दिल्यावर वाढू लागणाऱ्या अंड्यांचे प्रमाण. खुणा गेल्या पण अंडी ठरल्या तारखेलाच जागी झाली, तर सुप्तावस्थेचे नियंत्रण दुसरीकडे शोधावे लागेल, आणि त्यासाठी लागणारी भावंड-अंडी त्याच पुंजांतून आधीच गोठवून ठेवलेली असावीत.